एका अक्षराला घरं किती?

सूनबाई लग्न होऊन घरात आली, तेव्हा तिच्या सामानाबरोबर एक काळी खिडकीही आली. आपण संगणक उघडला की रंगीत चित्रं दिसतात, फोल्डर दिसतात, मागच्या दिवाळीचा फोटो दिसतो. हिच्या लॅपटॉपवर मात्र नुसता काळा पडदा आणि त्यावर ओळीनं उमटत जाणारी पांढरी इंग्रजी अक्षरं. बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम ती इथं बेळगावात बसून करते. सकाळी माझी पूजा आटोपते न आटोपते तोच तिची मीटिंग सुरू होते. मग जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मी भाजी निवडत आणि दुसऱ्या टोकाला ती त्या काळ्या खिडकीत काहीबाही टाइप करत, असा आमचा दिवस चालतो.

"याला काय म्हणतात गं?" मी एकदा विचारलं.

"टर्मिनल म्हणतात, आई. खरं तर टर्मिनलची नक्कल. एम्युलेटर."

नक्कल म्हटल्यावर मूळ कुठं असा प्रश्न आलाच. तिनं सांगितलं ते असं. पूर्वी संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं यंत्र असायचं. त्याच्याशी बोलायला टाइपरायटरसारखी यंत्रं असत. आपण टाइप करायचं आणि उत्तर कागदावर उमटायचं. पुढे कागद गेला, काचेचा पडदा आला. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीनं व्हीटी-१०० नावाचं टर्मिनल काढलं. त्याच्या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० घरं. हे ८० सुद्धा त्याच्याही आधीचं. आयबीएम कंपनीनं १९२८ साली भोकं पाडायची जी कार्डं काढली, त्यांवर ८० रकाने होते. कार्डं गेली, ती यंत्रंही गेली, पण आजच्या लॅपटॉपमधली काळी खिडकी अजून त्यांच्याच चालीनं चालते. सासू गेली तरी डब्यांची मांडणी तिचीच राहते, तसंच हे.

त्या खिडकीचा नियम साधा आहे. एक अक्षर, एक घर. सगळी घरं सारख्याच रुंदीची, वहीतल्या चौकटींसारखी. इंग्रजीला ते परवडतं. त्यांची अक्षरं सुटी, शेजारी-शेजारी गुमान बसणारी. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना आकडे देण्याची जी पद्धत ठरली तिचं नाव ॲस्की. तिच्यात जागा होत्या सगळ्या मिळून १२८. त्यांत इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं सगळं मावलं. आपली बाराखडी त्या पंगतीत नव्हतीच.

हे सगळं मी भाजी निवडता निवडता ऐकून सोडून दिलं असतं. पण माझं एक काम अडलं होतं, आणि ते त्या खिडकीतूनच व्हायचं होतं.

माझ्या सासूबाई कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. किराण्याचा हिशेब कानडीत लिहायच्या, पण गाणं सगळं मराठीत. जात्यावर बसलं की त्यांच्या तोंडून ओवीमागून ओवी येई. घरात गिरणीचं पीठ येऊ लागलं तरी सणासुदीला थोडंसं का होईना, त्या जात्यावर दळायच्या, आणि मला वाटतं ते गाण्यासाठीच. मी कला शाखेची पदवीधर, त्यामुळे हे लिहून ठेवावं एवढी बुद्धी होती. दोन वर्षं वही घेऊन मी त्यांच्याजवळ बसले. २१६ ओव्या जमल्या. माहेरच्या, भावाच्या, देवळाच्या, नेमधर्माच्या, आणि काही अशा की ज्या पुरुषमाणसं घरात असताना त्या म्हणत नसत.

१९९८ साली मी त्या एका डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतल्या. तेव्हा मराठीत छापून घ्यायचं तर सोयीचा मार्ग तोच होता. दुकानदारानं छापील पानं दिली आणि फ्लॉपी दिली. पुढे मुलानं त्या फायली सीडीवर उतरवल्या. २००३ साली सासूबाई गेल्या. छापील पानं नात्यातल्या बायकांत फिरत फिरत कुणाकडे राहिली कोण जाणे, आणि माळ्यावरची वही वाळवीनं खाल्ली. उरली ती सीडी.

मागच्या वर्षी सूनबाईनं ती सीडी उघडली. नऊ फायली होत्या, शाबूत होत्या. पण उघडल्या तर आत एकही मराठी अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, टिंबं, कंस, सगळी नुसती खिचडी.

"आई, हा जुना फॉन्ट आहे," ती म्हणाली.

इथं मला पहिल्यांदा कळलं की आपण २५ वर्षांपूर्वी जे 'संगणकावरचं मराठी' समजत होतो, ते आतून मराठी नव्हतंच. त्या काळचे कितीतरी फॉन्ट एका युक्तीवर चालत. संगणकाला वाटायचं की आपण इंग्रजी अक्षर साठवतोय. फॉन्ट मात्र त्या अक्षराच्या जागी 'क'चं चित्र काढून दाखवायचा. आत इंग्रजी, वर मराठीचा मुखवटा. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'क' नव्हे. फॉन्ट संगणकावर असेल तोवर सगळं ठीक. तो गेला की मुखवटा उतरतो आणि आतली खिचडी दिसते.

खरं तर तेव्हाही भारतीय लिप्यांसाठी एक पद्धत तयार होती. इस्की तिचं नाव, भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ साली ती प्रमाण म्हणून जाहीर केली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा, ही त्यामागची कल्पना. त्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवल्या, आणि त्यांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. म्हणजे ज्या वर्षी आमच्या ओव्या टाइप झाल्या, त्याच्या सात वर्षं आधीच मराठीला तिचं स्वतःचं घर मिळालेलं होतं. पण दुकानांपर्यंत ते पोचायला पुढे बरीच वर्षं लागली.

तर आता जुन्या फॉन्टातली ती खिचडी युनिकोडमध्ये उतरवायची होती. हे नुसतं अक्षराला अक्षर बदलण्याचं काम नाही. 'किती' लिहिताना आपला हात आधी पहिली वेलांटी काढतो, मग 'क'. जुन्या फॉन्टात साठवणही तशीच, डोळ्यांना दिसेल त्या क्रमानं. युनिकोडमध्ये साठवण उच्चाराच्या क्रमानं होते: आधी 'क', मग वेलांटी, ती डावीकडे नेऊन दाखवायचं काम संगणकाचं. 'स्थिती'त तर वेलांटीला अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारावी लागते. 'धर्म'मधला रफार जुन्या फॉन्टात 'म'नंतर येतो; युनिकोडात 'र' हा 'म'च्या आधी, जसा तो तोंडातून आधी येतो तसा. सूनबाईनं हे सगळे नियम एका प्रोग्रामात लिहिले आणि काळ्या खिडकीतून नऊच्या नऊ फायलींवर एका फटक्यात चालवले. हेच काम माऊसनं करायचं तर एकेक फाइल उघडत बसावं लागलं असतं.

मग तिनं पहिली फाइल त्याच खिडकीत दाखवली, आणि माझ्या पोटात धस्स झालं.

मराठी होतं, पण अपघातातून आल्यासारखं. वेलांट्या एका अक्षरावरून दुसऱ्यावर घसरलेल्या. जोडाक्षरांचे पाय मोडून सुटे पडलेले. काही ठिकाणी मात्रा एकटीच, आणि तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ. मध्येच रिकाम्या जागा. कुठं एका अक्षराचा पाठीचा भाग दुसऱ्यानं झाकलेला.

"गेलं का गं सगळं?"

"थांबा आई. मोडलंय ते दिसणं की असणं, ते आधी बघूया."

ती असं म्हणाली आणि तीच फाइल तिनं ब्राउझरमध्ये उघडली. सगळं सरळ. वेलांट्या जागेवर, जोडाक्षरं जोडलेली. फाइल तीच, एक अक्षर बदललेलं नाही. बिघाड फक्त त्या खिडकीत होता.

मग तिनं मला जे समजावलं ते मी एखाद्या वैद्याकडून शिकावं तसं शिकून घेतलं. लक्षणावरून रोग ओळखायचा. मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' आणि विचित्र चिन्हं एकामागून एक दिसत असतील, तर फाइल शाबूत आहे, वाचणारा ती चुकीच्या पद्धतीनं वाचतोय. अशा वेळी खिडकीला सांगावं लागतं की अक्षरं यूटीएफ-८ या पद्धतीनं वाच. जपानी लोकांनाही हा त्रास इतका झाला की त्यांनी त्याला 'मोजिबाके' असं नाव दिलं. मोजि म्हणजे अक्षर, आणि बाके म्हणजे रूप पालटणं. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर पद्धत बरोबर आहे, पण संगणकावर त्या लिपीचा फॉन्टच नाही. त्या चौकोनांना गमतीनं 'टोफू' म्हणतात, सोयाबीनच्या पनीरासारखे दिसतात म्हणून. 'नोटो' हे फॉन्टचं नाव त्यावरूनच पडलं: नो टोफू. फॉन्ट घातला की चौकोन जातात. आणि अक्षरं ओळखू येतात पण मात्रा भरकटलेल्या, जोडाक्षरं फुटलेली, तर पद्धतही बरोबर, फॉन्टही आहे. पण अक्षरं जुळवणाराच जागेवर नाही, किंवा असूनही त्या घरांच्या नियमापुढे त्याचं चालत नाही. आमचा रोग हा तिसरा.

चौथं लक्षण तेवढं वाईट. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ती फक्त दिसत असतील तर ठीक. पण कुणी तशीच फाइल साठवली, तर प्रश्नचिन्हंच साठवली जातात आणि मूळ अक्षर परत येत नाही.

यूटीएफ-८ ची गोष्ट मला फार आवडली. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या उपाहारगृहात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक जेवायला बसले होते, आणि तिथं ताटाखालच्या कागदावर थॉम्प्सन यांनी ही पद्धत मांडली. आज जगातली बहुतेक सगळी लिपी संगणकांमधून याच पद्धतीनं ये-जा करते. इंग्रजी अक्षराला तिच्यात एक बाइट पुरतो. आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात.

"एक शब्द सांगा," सूनबाई म्हणाली.

मी सहज म्हटलं, "स्त्री."

तिनं बोटं मोजली. स, हलन्त, त, हलन्त, र, दुसरी वेलांटी. सहा चिन्हं, १८ बाइट. आणि आपल्या डोळ्यांना अक्षर एकच.

"मग या एका अक्षराला तुझ्या खिडकीत घरं किती?"

"तिथंच तर भांडण आहे," ती हसून म्हणाली. "तीन व्यंजनं आहेत म्हणून तीन घरं. हलन्ताला शून्य. वेलांटीला एक प्रोग्राम म्हणतो शून्य, दुसरा म्हणतो एक. दोघांचं जमलं नाही की ओळ सरकते, खुणेची काठी भलतीकडे जाऊन उभी राहते, आणि खोडायला जावं तर दुसरंच अक्षर खोडलं जातं."

मला हसू आलं. स्त्रीला घर किती, हा प्रश्न आपल्याकडे काही नवा नाही. माहेरचं म्हणावं तर परक्याचं धन, सासरचं म्हणावं तर परक्या घरची. आता संगणकालाही तो सुटलेला नाही म्हणायचा.

पण गंमत बाजूला ठेवून विचार केला तर यात कुणाचा दुष्टावा नाही. घरं आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जी अक्षरं होती त्यांच्या मापानं त्यांनी घरं आखली. पुढे चिनी आणि जपानी अक्षरं आली. ती रुंद, पण चौकोनी आणि सुटी. त्यांना दोन-दोन घरं देऊन भागलं. केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी कुठल्या चिन्हाला किती घरं ते ठरवणारा एक छोटा प्रोग्राम लिहून सगळ्यांसाठी खुला केला, तो पुष्कळांनी वापरला. आपलं अक्षर मात्र एका किंवा दोन घरांत बसवण्याजोगं नाही. ते शेजाऱ्याचा हात धरतं, कुणाच्या डोक्यावर बसतं, कुणाच्या पायाशी लागतं. युनिकोडच्या नियमांतही 'क्ष'सारखं देवनागरी जोडाक्षर तोडू नये, ते एकच अक्षर मानावं, हे २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आलं. हे काम होत नाही असंही नाही. एमएलटर्म नावाची एक काळी खिडकी भारतीय लिप्यांचा विचार करूनच बनवलेली आहे. पण सरसकट सगळीकडे ते अजून व्हायचंय.

मी सूनबाईला म्हटलं, "कानडी लिहून बघ." आमच्या शेजारच्या काकूंचं नाव तिनं कानडीत टाइप केलं. त्यांचीही जोडाक्षरं तशीच फुटली. खाली लोंबणारं ओत्तक्षर वर येऊन शेजारी बसलं. बेळगावात राहून पाट्यांवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली याच्या गोष्टी मी आयुष्यभर ऐकत आलेय. त्या काळ्या खिडकीत मराठी आणि कानडी दोघी एकाच तऱ्हेनं मोडतात, हे बघून दोघींविषयी सारखीच माया वाटली.

आता खरी गोष्ट. दिसणं मोडलं होतं, असणं शाबूत होतं, असं वाटून मी निश्चिंत झाले आणि छापील पानं काढून वाचायला बसले. मोठ्यानं वाचत होते, कारण ओवी मनात वाचताच येत नाही. भाऊ घरी जेवायला आलाय, पंगत बसलीय, आणि स्वयंपाक करणाऱ्यांना बहीण मानाचं वाढते, अशी एक ओवी आहे. तिथं छापलं होतं, 'आचार्यांना'.

मी थांबले. सासूबाई म्हणायच्या 'आचाऱ्यांना'. स्वयंपाक करणाऱ्यांचे एकदम आचार्य झाले होते! आमच्या घरात आचार्य म्हणजे कोण, हे सांगायला नको. त्यांचा आहार कसा होतो, कशी विधी असते, हे लहान पोरालाही ठाऊक. ते पंगतीला बसून वाढून घेत नाहीत. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सूनबाई मात्र हसली नाही. ती लगेच लॅपटॉपकडे वळली.

मराठीचा हा आडवा 'र', मिशीसारखा दिसणारा, हिंदीत नाही. तो आहे म्हणून 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. जुन्या फॉन्टात त्या मिशीचा वेगळा तुकडा होता. प्रोग्रामानं त्याचा साधा अर्धा 'र' केला, आणि साध्या अर्ध्या 'र'ला 'य' जोडला की संगणक त्याचा रफारच करतो. आडवा 'र' हवा तर 'ऱ' हे खाली टिंब असलेलं निराळं अक्षर वापरावं लागतं, किंवा मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालावं लागतं. म्हणजे इथं उलटं झालं होतं. ब्राउझरमध्ये सगळं सुंदर दिसत होतं, आणि आत अर्थ बदललेला होता.

आणि अशा वेळी ती मोडकी काळी खिडकीच कामाला आली. तिला अक्षरं जुळवता येत नाहीत ना? मग ती आतली चिन्हं जशी आहेत तशी, सुटी सुटी मांडते. 'र' साधा की टिंबाचा, ते तिथं लपत नाही. सूनबाईनं त्या खिडकीत एक आज्ञा दिली आणि नऊ फायलींतून अर्ध्या 'र'ला 'य' जोडलेल्या ओळी निवडून काढल्या. ४३ ओळी निघाल्या. "यातल्या कुठल्या बरोबर आणि कुठल्या चूक, ते मला नाही सांगता येणार आई," ती म्हणाली. "ते तुम्हीच सांगा."

सूर्य बरोबर. भार्या बरोबर. धैर्य बरोबर. 'पायर्या' चूक, पायऱ्या हव्यात. 'वार्यानं' चूक. 'सोयर्यांना' चूक. २६ जागा निघाल्या. मी सांगत गेले आणि ती दुरुस्त करत गेली. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आधी उरकायचं म्हणून मध्ये उठलो, नंतर पुन्हा बसलो.

मूडबिद्रीच्या यात्रेत आम्हांला धवला टीकेच्या ताडपत्रांविषयी सांगितलं होतं, ते मला त्या संध्याकाळी आठवलं. षट्खंडागमावरच्या त्या टीकेची भाषा प्राकृत आणि संस्कृत, पण ताडपत्रांवरची लिपी जुनी कानडी. डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली तो ग्रंथ १९३९ पासून अमरावतीहून देवनागरीत छापून यायला लागला. भाषा एक, लिपी दुसरी, हे आमच्या भागाला नवीन नाही. एका लिपीतून दुसरीत उतरवताना नक्कल करणाऱ्याला नुसतं अक्षर ओळखून भागत नाही, त्याला तो मजकूर कळावा लागतो. यंत्र बदललं तरी हे बदललेलं नाही.

एका ओवीपाशी मात्र मी अडले. बहीण म्हणते, माझा भाऊ येताना काय काय ओलांडून आला. तिथं दर्याही चालला असता आणि दऱ्याही. मी ती ओवी कितीदा ऐकली होती, पण नेमकं आठवेना. विचारणार कुणाला? ज्यांना विचारायचं त्या २००३ सालीच गेल्या. मी निपाणीला वन्संना फोन लावला. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत.

"वन्सं, आईंची ती भावाची ओवी म्हणता का जरा?"

"आत्ता? दुपारच्या वेळेला?" त्या म्हणाल्या. पण मग क्षणभर थांबून त्यांनी सूर धरला. आवाज कापरा, पण चाल अगदी सासूबाईंची. फोनच्या स्पीकरवर सूनबाईही ऐकत होती, तिनं सासूबाईंना पाहिलेलंही नाही. त्या शब्दापाशी वन्सं थांबल्या नाहीत, जोरही दिला नाही. 'द' हलकाच ठेवून पुढे सरकल्या. 'दर्या' म्हणताना 'द'वर जोर येतो, 'दऱ्या' म्हणताना येत नाही. समुद्र नव्हताच तिथं. आमचा तो भाऊ घाट उतरून आला होता, दऱ्या ओलांडून.

"वहिनी, कशाला हवं होतं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं तर म्हणाल्या, "एवढ्याशा रेघेसाठी होय?"

सूनबाईनं त्या एवढ्याशा रेघेसाठी सत्ताविसावी दुरुस्ती केली.

हे सगळं मी लिहितेय कारण मला ठाऊक आहे, तुमच्यापैकी कित्येकींच्या कपाटात अशी सीडी असेल. मंडळाची स्मरणिका असेल, आईनं सांगितलेल्या पाककृती असतील, वडिलांचं आत्मवृत्त असेल. तर एवढं करा. जुन्या फाइलमधली एक ओळ उचलून फोनवरून कुणाला तरी पाठवून बघा. ती मराठीत वाचता आली तर युनिकोड आहे, काळजी नाही. इंग्रजी खिचडी झाली तर जुना फॉन्ट आहे. अशा वेळी फाइल टाकून देऊ नका, आणि तिच्यावर काही करूही नका. आधी तिची प्रत काढून मूळ बाजूला ठेवा. कुठला फॉन्ट होता त्याचं नाव दुकानदाराला, भावाला, कुणालाही विचारून लिहून ठेवा, कारण त्याच्याशिवाय कुलपाची किल्ली नाही. प्रश्नचिन्हं दिसली तर काही न साठवता फाइल बंद करा. घरातल्या कुणा मुला-मुलीकडून ती युनिकोडमध्ये आणवा. आणि आणल्यावर मोठ्यानं वाचा. रफार बघा, आडवा 'र' बघा, जोडाक्षरावरची वेलांटी बघा. हे वाचणं त्या बाईकडे सोपवा जिनं तो मजकूर कानांनी ऐकलेला आहे. अशा बाया आहेत तोवरच हे होण्यासारखं आहे. आमच्या वन्सं ऐंशीच्या आहेत, हे मी मुद्दाम सांगितलं.

ओव्यांच्या साठ प्रती आम्ही छापून घेतल्या. पहिली निपाणीला गेली. वन्संनी ती उघडून बघितली की नाही माहीत नाही. त्यांना कशाला लागतेय? पण त्यांची नातसून मला फोन करून म्हणाली की ती रात्री वाचते आणि अडली की आजींना विचारते.

फायली सूनबाईच्या लॅपटॉपवर आहेत. काळ्या खिडकीत काम करणारे लोक फोल्डरला इंग्रजी नावं देतात, ते सोपं जातं. तिनं या फोल्डरचं नाव 'ओव्या' असं मराठीतच ठेवलंय. तिच्या खिडकीत त्यातलं 'व्या' अजून फुटतं. ती म्हणते, फुटू दे, आत नीट आहे.